गच्चीवरचा मासा

ज्या वर्षी कांदा चाळीस रुपये किलोवर गेला, त्या अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची ही हकिकत. विरार पूर्वेला चंदनसारला तेव्हा एका इमारतीला रंग लागायच्या आत शेजारच्या इमारतीचा पाया खणला जायचा. श्रीफळ अपार्टमेंट त्यातलीच एक, चार मजली आणि बिनलिफ्टची. पाणी टँकरचं, वीज लहरी, पण गच्ची मात्र ऐसपैस. गच्चीच्या मधोमध सिमेंटची मोठी टाकी होती. ही टाकी ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढे तिला खडकाचं काम करायचं आहे.

चौथ्या मजल्यावर प्रल्हादराव आणि मनोरमा हे जोडपं राहायचं. मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली. प्रल्हादराव एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. बाजारात ते नुसते शिरले तरी तागड्या आपोआप सरळ होतात, असं लोक म्हणत. त्या जूनमध्ये ते निवृत्त झाले आणि तालुक्यातल्या दुकानदारांचा जीव भांड्यात पडला. मनोरमाचा मात्र भांड्यातून बाहेर आला. घरात मोजण्यासारखं जे जे होतं ते त्यांनी महिन्याभरात मोजून टाकलं. तिच्या पोळ्या वजनाला सारख्या नसतात हे सिद्ध केलं. दूधवाल्याचं माप दोन चमचे कमी भरतं हे पकडलं, तर दूधवाला यायचाच बंद झाला. मग पंधरा दिवस पेटी झाली. महिनाभर होमिओपॅथी झाली. मग तीन बोन्साय आणले, तेही आठवड्याच्या अंतराने एकामागून एक गेले.

"अहो, काहीतरी एक धरा आणि तडीला न्या," मनोरमा म्हणायची.

"शोधतोय," ते म्हणायचे.

तो शोध संपवला प्लासिडभाऊंनी. प्लासिडभाऊ नंदाखालकडच्या वाडीतले. तीस वर्षं बोटीवर खानसामा म्हणून काढून आता बायको बेलाबरोबर केळी-भाजीचा टेम्पो घेऊन दर मंगळवारी चंदनसारला येत. पूर्वी कधीतरी प्रल्हादरावांनी बेलाचं अर्ध्या किलोचं वजन सात ग्रॅम कमी म्हणून जप्त केलं होतं. तिथून ओळख झाली आणि ती घरोब्यापर्यंत पोचली. बेला मात्र अजूनही त्यांना भाजी देताना मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "मोजून घ्या हां साहेब, नायतर परत धाड घालाल."

त्या मंगळवारी प्लासिडभाऊ एक लांबलचक कापडी पिशवी घेऊन चार मजले चढून आले. आतून निघाली एक काळीभोर काठी, तीन तुकड्यांत जोडायची, आणि परदेशी रीळ.

"खांदा गेला माजा," ते म्हणाले. "डॉक्टर बोलला, आता काठी फेकायची नाय. घरात ठेवली तर बेला तिच्यावर कपडे वाळत घालते. तुमी घ्या साहेब. तानसा नदीला पारोळच्या वर डोह हाय. तिकडे खडस मिळतो."

"खडस म्हणजे?"

"मासा! रुपयाएवढा एकेक खवला. तोंडाला चार मिशा. तळाला नाक खुपसून खातो. आनि गळ लागला ना, का पयल्या झेपेलाच निम्मं रीळ खाली करतो. त्याला वडून आनता येत नाय. त्याला खेळवायला लागतो."

प्रल्हादराव मूळचे मिरजेकडचे, सात पिढ्यांचे शाकाहारी. अंडं फोडलेल्या कढईतही त्यांनी कधी पोहे खाल्ले नव्हते. मासा धरून करायचं काय, हा प्रश्न कुणालाही पडला असता. त्यांना पडला नाही. त्यांची नजर रिळाच्या तोंडावरच्या चकतीवर गेली होती. तिच्यावर बारीक रेघा होत्या.

"हे काय?"

"तो ब्रेक. आवळला का मासा जड जातो, ढिला केला का तंगूस सुटतो." तंगूस म्हणजे रिळावरचा नायलॉनचा दोर. "किती आवळायचा त्याचं माप असतं. तंगूस दहा किलोला तुटत असंल तर ब्रेक चौथाईवर लावायचा. अडीच किलो."

माप हा शब्द कानावर पडला आणि प्रल्हादरावांचा चेहरा जूननंतर पहिल्यांदा खुलला.

मनोरमा चहा घेऊन आली तेव्हा काठी कॉटवर पडलेली होती. तिने कप ठेवले आणि नकळत हात पुढे केला. तिचं माहेर राजापूरजवळ, अर्जुना नदीच्या काठी. बारा-तेरा वर्षांची असताना बांबूच्या काठीला गळ बांधून ती भावांपेक्षा जास्त मासे काढायची. मिरजेच्या घरात लग्न होऊन आल्यावर तिने मासळीचं नाव टाकलं, त्याला तेहतीस वर्षं झाली होती. खाण्याचं तिला काही वाटत नसे. पण दोर ताठ होतो आणि पाण्याखालचं कुणीतरी हाताशी बोलू लागतं, ते मात्र ती विसरली नव्हती. एकदा, फक्त एकदा ती काठी हातात घ्यावी, एवढंच तिच्या मनात आलं.

"हात लावू नकोस," प्रल्हादराव म्हणाले. "माप बिघडेल."

तिने हात मागे घेतला.

प्लासिडभाऊ गेल्यावर प्रल्हादरावांनी वहीत लिहून काढलं. काठी कशी धरायची: उभी, पंचेचाळीस अंशांत, म्हणजे वाक काठीत राहतो आणि झटका तंगुसाला बसत नाही. मासा ओढत असताना रीळ फिरवायचं नाही. तो थांबला की काठी सावकाश वर उचलायची, आणि खाली आणताना तेवढा तंगूस गुंडाळायचा. हे सगळं पाठ झालं. पण सराव कुणावर करणार? चंदनसारला नदी नव्हती. खुर्चीला तंगूस बांधून पाहिला, खुर्ची पळेना. संध्याकाळपर्यंत त्यांनी घरातल्या हलत्या वस्तूंचा विचार केला आणि शेवटी त्यांची नजर मनोरमावर स्थिर झाली.

"तुझं वजन किती?"

"कशाला?"

"खडस पाण्यात वजनाच्या कितीतरी पट ओढतो. म्हणजे हिशोबाने तू चालशील."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मनोरमा गच्चीवर उभी होती. पदर खोचलेला, कमरेला प्रल्हादरावांचा ऑफिसचा जुना चामडी पट्टा, बक्कल पाठीमागे, आणि बकलाला तंगूस. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ते काठी घेऊन, पायात बूट घालून.

"मी म्हटलं की पळायचं."

"माशाला कोण सांगतं पळ म्हणून?"

"मनू, एक लक्षात ठेव. मासा बोलत नाही."

ती पळाली. चोपन्न वर्षांची बाई, पायात स्लीपर, पण नदीकाठची. पहिल्याच झेपेत ती टाकीमागे गेली, तंगूस टाकीच्या कोपऱ्यावर घासला आणि तुटला. प्रल्हादराव तोल जाऊन वाळत घातलेल्या पापडांवर बसले.

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्यांचं उतरलेलं तोंड पाहून मनोरमाला दया आली. बोन्साय मेले तेव्हा याच माणसाने तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं. तिने ओढ कमी केली. घड्याळाच्या काट्यासारखी डावीकडून उजवीकडे टाकीच्या अलीकडेच फेऱ्या घालायला लागली, टाकीच्या कोपऱ्यापासून हातभर दूर राहून, आणि चौथ्या फेरीला दमल्यासारखं करून बसकण मारायची.

"चार!" प्रल्हादराव वहीत लिहीत. "खडस चार फेऱ्यांत दमतो."

मनोरमाला ओरडून सांगावंसं वाटायचं, की अहो, मी टाकीकडे वळले की काठी आडवी करा, बाजूला दाबा, म्हणजे माझं तोंड फिरेल! ते तिला पट्ट्यातून कळत होतं. कमरेशी ओढ कुठून आली की मासा कुठे वळेल, काठी सरळ झाली की दोर कसा निर्जीव होतो, हे सगळं तिला कमरेतून कळत होतं. पण मासा बोलत नाही. आणि काठी हातात मागितली की ते म्हणायचे, "मग मासा कोण होणार? मी?" आणि आपल्याच विनोदावर खूप हसायचे.

आठवड्याभरात जिन्यात नोटीस लागली. सोसायटीचा सेक्रेटरी संग्राम, सातिवलीला एका कारखान्यात सुपरवायझर, नियमाला पक्का. नोटिशीत लिहिलं होतं: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की गच्ची सामाईक असून तेथे कोणीही आपल्या कुटुंबीयांस दोरीने बांधून पळवू नये. पापडांच्या नुकसानीस सोसायटी जबाबदार राहणार नाही.'

प्रल्हादरावांनी लेखी उत्तर दिलं, की ती दोरी नसून तंगूस आहे आणि कुटुंबीय स्वेच्छेने पळत आहे.

संग्राम शहानिशा करायला गच्चीवर आला. पाच मिनिटं उभा राहिला. मग टाकीच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "काका, काकूंना जरा उजवीकडून पण घ्या की. एकच साइड काय?" दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. तिसऱ्या आठवड्यापासून चार वाजता अर्धी इमारत गच्चीवर जमू लागली. कुणी शेंगदाणे आणत, कुणी चटया. बायका मनोरमाच्या बाजूच्या. "काकू, सोडू नका! टाकीमागे, टाकीमागे!" पुरुष काठीच्या बाजूचे. जानेवारीत केबल तीन दिवस बंद पडली होती, पण श्रीफळमधून एकाही माणसाने तक्रार केली नाही.

गर्दीपुढे हरणं प्रल्हादरावांना परवडेना. एका रविवारी बायकांच्या ओरडण्याने मनोरमाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, ती दुसऱ्याच फेरीला सुसाट टाकीमागे गेली आणि तंगूस तोडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रल्हादरावांनी त्याच संध्याकाळी रद्दीवाल्याकडून लटकता काटा आणला. तंगूस काट्याला अडकवून त्यांनी ब्रेक अडीच किलोवरून तीनवर नेला, तीनवरून चारवर, असं करत मनोरमा जागची हलेनाशी होईपर्यंत. ते झालं सहा किलोला.

"सहा," ते म्हणाले. "हे खरं माप."

"प्लासिडभाऊ तर अडीच म्हणाले होते."

"प्लासिडने काट्यावर लावून पाहिलं होतं का? मी पाहिलंय. आणि मासा..."

"माहितीये. मासा बोलत नाही."

मग त्यांनी जे केलं ते दुसरा कुठलाही मासे धरणारा करणार नाही. प्लासिडभाऊंनी दिलेल्या डबीत गळाला लावायची शिशाची वजनं होती. त्यातलं एक त्यांनी घेतलं, ब्रेकच्या चकतीतून आणि रिळाच्या दांड्यातून बारीक तार ओवली, तारेची टोकं शिशात घालून पक्कडीने दाबली, आणि त्यावर खिळ्याने 'प्र' हे अक्षर उमटवलं. बाजारातल्या काट्याला लावतात तसं सील. आता ती चकती कुणाला रेसभर फिरवता आली नसती.

"प्रमाणित," ते समाधानाने म्हणाले.

मनोरमाने कमरेचा पट्टा सोडला. पोटावर लाल वळ उठला होता. आरशात बघताना तिच्या मनात पहिल्यांदा आपला नव्हे, त्या खऱ्या माशाचा विचार आला.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे संग्रामला सुट्टी म्हणून, सगळे प्लासिडभाऊंच्या टेम्पोतून पारोळला गेले. पुढे प्लासिडभाऊ आणि प्रल्हादराव, मागे मनोरमा, बेला, संग्राम आणि केळीच्या रिकाम्या पाट्या. बेलाने बरोबर चूल पेटवायला लाकडं, पातेलं आणि वाटलेला मसाला घेतला होता. मासा मिळणार याबद्दल तिला शंका नव्हती, आणि तो पातेल्यात पडणार याबद्दल तर मुळीच नव्हती. मनोरमाच्या पिशवीत नाचणीच्या पिठाचे घट्ट उकडलेले गोळे होते, गळाला लावायला. ते तिने स्वतः केले होते, थोडा गूळ घालून. प्रल्हादरावांनी ते मोजले होते. अठरा.

"मला यायला मिळालं हेच खूप," ती बेलाला म्हणाली.

"काठी दिली का हातात?"

"नाही गं. मी मासा आहे ना."

"नवरे लोक," बेला म्हणाली आणि पुढच्या काचेतून दिसणाऱ्या प्लासिडभाऊंच्या टकलाकडे बघत राहिली.

डोह गर्द हिरवा होता. पलीकडच्या काठाला मोठमोठे काळे खडक, आणि खाली जिथे पाणी अरुंद होऊन वाहायला लागतं तिथे एक अख्खा हत्ती बसल्यासारखा धोंडा. प्लासिडभाऊंनी काठी जोडायला घेतली आणि ते थांबले.

"साहेब, ह्या रिळाला काय लटकवलंय?"

"सील."

"काय?"

"ब्रेक सहा किलोला प्रमाणित करून सीलबंद केलाय."

प्लासिडभाऊंनी कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस केला. "साहेब, रीळ म्हंजे काय तागडी वाटली? मासा काय गिऱ्हाईक हाय, आठवड्याच्या बाजारी ठरल्या मापात यायला? तो वडला का सोडायचं, थांबला का आवळायचं. घडीघडीला बदलतं ते! तोडा ते पयलं."

"प्लासिड," प्रल्हादराव शांतपणे म्हणाले, "एकतीस वर्षांत सील तोडलेल्या एकाही माणसाला मी सोडलेलं नाही. तुझ्या बायकोलाही नाही."

"सात ग्रॅम!" बेला मागून म्हणाली.

शेवटी तसाच गळ टाकला. संग्रामने दगडांवर काठी टेकवायला जागा करून दिली. एक तास गेला, दुसरा गेला. बेलाने चूल मांडली. संग्रामला डुलकी लागली. मनोरमा पाण्याजवळ दगडावर बसून होती. तिला काठीचं टोक दिसत होतं आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवावे लागत होते.

आणि मग काठी नुसती वाकली नाही, ती उठली. दगडांवरून घसरून पाण्याकडे निघाली. प्रल्हादरावांनी सूर मारावा तशी ती पकडली.

"काठी वर! उभी धरा!" प्लासिडभाऊ ओरडले.

पण उभी धरणार कशी? ब्रेक सहा किलोचा, मासा काही केल्या तंगूस सोडवून घेऊ शकत नव्हता, म्हणून तो काठीच ओढत होता. काठी आडवी झाली, माशाच्या रोखाने सरळ झाली. तंगूस टिणटिण वाजायला लागला. प्रल्हादराव रिळाची मूठ फिरवत होते आणि मूठ फिरत नव्हती.

"आता हा डावीकडे वळेल," ते धापा टाकत म्हणाले. "पहिली फेरी."

मासा उजवीकडे वळला, डोहाच्या खालच्या अंगाला, त्या धोंड्याकडे.

"हा चुकतोय!" प्रल्हादराव ओरडले. "संग्राम, बघ, मासा चुकतोय!"

"काका, त्याला चार फेऱ्या माहीत नाहीत!"

"ब्रेक ढिला करा! तुटतंय!" प्लासिडभाऊ आपला खांदा विसरून पुढे धावले आणि खांदा आठवून मागे आले. "तोडा ते सील!"

"सील तोडता येणार नाही!"

"अहो, लावलंय कोणी? तुम्हीच ना?" मनोरमा म्हणाली.

"म्हणूनच!"

ती उठली. साडीचा काचा तिने कधी मारला ते कुणालाच कळलं नाही. ती नवऱ्याजवळ गेली.

"सरका."

"मनू, मासा..."

"आता मासा बोलणार आहे," ती म्हणाली. "तीन महिने मी त्या तंगुसाच्या टोकाला आहे. तो कुठे जाणार ते तुमच्या वहीत नाही, मला माहीत आहे. तो टाकीमागे चाललाय."

आणि तिने वाकून रिळाजवळ तोंड नेलं, ती तार दाढेखाली धरली आणि कचकन तोडली. प्रल्हादरावांच्या तोंडून असा आवाज आला की बेलाने पातेलं खाली ठेवलं. शिशाचा गोळा दगडावर पडला. मनोरमाने चकती दीड आटा मागे फिरवली आणि रीळ किंचाळलं. दोर सुटत गेला, सुटत गेला, काठी उभी राहिली, छान वाकली. तोवर ती तिच्याच हातात आली होती. प्रल्हादराव नुसते हात पुढे धरून उभे होते, काठी अजून त्यांच्याकडेच असल्यासारखे.

पहिली झेप तिने त्याला घेऊ दिली. तिला माहीत होतं, पहिल्या झेपेला अडवलं की राग येतो. मासा धोंड्यापासून आठ हातांवर आला तेव्हा तिने काठी आडवी केली, पाण्याला जवळजवळ टेकेल अशी, आणि काठाच्या बाजूला दाबली. तीन महिने ती गच्चीवर याचीच वाट बघत होती, की कधीतरी समोरचा माणूस काठी आडवी करेल आणि तिचं तोंड टाकीपासून फिरवेल. माशाचं तोंड फिरलं.

"हां वयनी! हां!" प्लासिडभाऊ नाचायला लागले. "अशी! आता थांबला, आता उचला!"

ती गुडघाभर पाण्यात उतरली. मासा थांबला की काठी सावकाश वर, खाली आणताना गुंडाळायचं. तो पुन्हा सुटला की रीळ गाऊ द्यायचं. चकतीवर तिची बोटं होती, कधी रेसभर आवळायची, कधी सोडायची. दोर तिच्या हाताशी बोलत होता. अर्जुनेच्या काठावर बोलायचा तसाच, फक्त आता आवाज मोठा होता.

पाऊण तासाने तो आला. दोन हात लांब, खवले जुन्या पितळेसारखे, आणि तोंडाला खरोखरच चार मिशा. उथळ पाण्यात कुशीवर होऊन तो तिच्याकडे एका डोळ्याने बघत राहिला. प्रल्हादरावांनी खिशातून काटा काढला. बेलाने विस्तवावर फुंकर मारली.

मनोरमाने वाकून गळ सोडवला. गळाच्या जागी ओठाला लाल वळ होता. तिचा हात आपोआप पोटाकडे गेला.

"थांब, वजन!" प्रल्हादराव पाण्यात उतरले. "मनू, फक्त वजन करू दे!"

तिने माशाच्या पोटाखाली हात घातला, त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि धरून ठेवलं, तो दम घेईपर्यंत. मग हात काढून घेतले. शेपटीचा एकच फटकारा बसला आणि प्रल्हादरावांचा चष्मा पाण्यात गेला.

काठावरून बेला म्हणाली, "मसाला वाटला होता मी."

"काठी कशी आहे?" प्रल्हादरावांनी विचारलं. चष्मा नसल्यामुळे ते जरा भलतीकडेच, बेलाच्या पातेल्याकडे बघून विचारत होते.

"चांगली आहे," मनोरमा म्हणाली. "उद्यापासून माझ्याकडे राहील. चार वाजता गच्चीवर या. पट्टा तुम्ही बांधायचा."

"मी? मासा?"

"आणि बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता श्रीफळच्या गच्चीवर बसायला जागा उरली नाही.

नंतरची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. प्लासिडभाऊ दोन हजार सातमध्ये गेले. शेवटच्या आजारपणातही भेटायला येणाऱ्याला ते दाढेने तार तोडणाऱ्या वयनीची गोष्ट सांगत आणि प्रत्येक वेळी मासा चार बोटं लांब होत जाई. बेला अजून वाडीत आहे. आता भाजी विकत नाही, पण सोडलेल्या माशाचा विषय निघाला की जेवणाऱ्याचंही मन समोरच्या ताटावरून उडेल अशा तपशिलाने त्याचं कालवण सांगते. प्लासिडभाऊ गेल्यावर प्रल्हादरावांनी तिचं जप्त केलेलं अर्ध्या किलोचं वजन तिला परत नेऊन दिलं. दार आपटू नये म्हणून तिने ते दाराशी लावून ठेवलं आहे.

संग्राम पुण्याला गेला. जाण्याआधी त्याने सोसायटीच्या नियमात एक पोटकलम घातलं, की संध्याकाळी चार ते पाच गच्ची माशासाठी राखीव राहील. आता तिथे मोबाइलचा टॉवर आहे, पण ते कलम कुणी काढलेलं नाही, कारण ते कशाबद्दल आहे हे आता तिथल्या कुणालाच ठाऊक नाही.

प्रल्हादराव चांगले मासे झाले. पहिल्या वर्षात अकरा किलो उतरले, साखर उतरली, आणि टाकीमागे जायची त्यांची पद्धत तर मनोरमापेक्षाही लबाड होती. ते दोन हजार अकरामध्ये झोपेतच गेले. आयुष्यात 'अंदाजे' हा शब्द त्यांनी एकाच बाबतीत वापरला. तो मासा किती किलोचा होता असं कुणी विचारलं, की ते तोंड वाकडं करून म्हणत, "अंदाजे नऊ."

ज्या दाढेने तार तोडली ती मनोरमाला नव्व्याण्णवच्या मे महिन्यात काढून टाकावी लागली. तिला त्याचं दुःख झालं नाही. पुढची पंधरा वर्षं ती दर दुसऱ्या शनिवारी तानसेवर गेली, आधी नवऱ्याबरोबर, मग एकटी, आणि धरलेला प्रत्येक मासा तिने सोडला. आता ती मुलीकडे डोंबिवलीला असते. काठी कपाटामागे उभी आहे. रीळ तिने कापडात गुंडाळून ठेवलंय, ब्रेक पूर्ण ढिला करून, कारण वापरात नसलेलं रीळ आवळून ठेवायचं नसतं. त्याच कापडात 'प्र' लिहिलेला शिशाचा गोळा आहे. नातवाने एकदा विचारलं, हे कशाचं वजन?

"तुझ्या आजोबांचं," ती म्हणाली, आणि गोळा त्याच्या हातात न देता परत कापडात ठेवला.